मागची सीट

ग्लेनिस म्हणाली, मुलगी छान चालवते तुमची,
फक्त पिवळा दिवा दिसला की तिचा पाय
ब्रेककडे जात नाही, शेजारीच जातो.
कुठून शिकली, कोण जाणे.
मीही म्हटलं, कोण जाणे,
आणि तिचा चहाचा कप उगाच दोनदा विसळला.

ऋजुताला सतरावं लागलं त्याच आठवड्यात
गाडीला मागेपुढे लाल एलच्या पाट्या लागल्या.
शेजारच्या सीटवर मी.
हात मांडीवर ठेवून नुसतं बसायचं असतं
हे मलाही नवीन होतं.
माझा उजवा पाय रबरी मॅटवर
नसलेला ब्रेक दाबत राहायचा.
"आई, मॅटला भोक पडेल," ती म्हणायची.

स्विंडनच्या त्या चौकात
(चौक कसला, एका गोलाभोवती पाच लहान गोल,
बाहेरचे घड्याळासारखे फिरणारे, आतला उलटा;
आमचे पाहुणे तिथे डोळेच मिटून घेतात)
तिसऱ्या गोलाशी एक पांढरी व्हॅन आडवी घुसली.
ऋजुताने हॉर्न नाही वाजवला.
अगदी शांतपणे म्हणाली,
"ये बाबा, ये. तुझ्याच बापाचा रस्ता."

नऊ वर्षं दर रविवारी
तिला ब्रिस्टलला मराठीच्या वर्गाला नेलं,
चाळीस मैल जायचं, चाळीस यायचं.
'ळ' आला नाही,
'आम्ही' आणि 'आपण'मधला फरक आला नाही.
हे वाक्य मात्र खणखणीत,
'बापाचा'वरच्या माझ्या झटक्यासकट.
वर्ग ब्रिस्टलला भरतच नव्हता.
तो जाता-येता भरत होता,
आणि मला वाटायचं, मागे बसून ती खिडकीबाहेरच्या गायी मोजतेय.

पहिल्या परीक्षेत नापास झाली.
निकाल ईमेलने आला:
आरसा न पाहणे, चार वेळा.
थांबायच्या रेषेवर पूर्ण न थांबणे, एक, गंभीर.
स्वयंपाकघरात उभ्याने वाचत गेले,
कोणीतरी माझीच पत्रिका मांडून
पाठवल्यासारखी.

संध्याकाळी ती किल्ली घेऊन समोर आली, डोळे लाल.
"चल ना, एक चक्कर मारून येऊ.
तूही असंच करतेस ना, रडू आलं की?"

मी? कधी?

"मोटरवेवर. रात्री.
बाबांचा फोन आला होता, तू मला उचलून गाडीत टाकलंस,
पायात मोजेसुद्धा नव्हते माझ्या.
काटा नव्वदच्या पुढे होता."

तू पाच वर्षांची होतीस. झोपली होतीस.
मी आरशात पाहिलं होतं.

"एकदाच पाहिलंस," ती म्हणाली.
"तेव्हा मी डोळे मिटले.
आणि आकडे येत होते मला, आई. शंभरपर्यंत येत होते."

फ्रिज घरघरत राहिला.
काय बोलायचं ते सुचलं नाही, माफी मागायचीही
मला कुठे कोणी शिकवली होती.
मी जॅकेट घातलं.
तिने गाडी काढली,
आम्ही सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये
रेषेवर थांबलो, निघालो, थांबलो,
ट्रॉल्या गोळा करणारा पोरगा
आमच्याकडे बघत उभा राहीपर्यंत.

आता पहाटे सहाच्या ड्यूटीला मी एकटीच निघते.
रस्त्यावर कुत्रंही नसतं.
कॉलेजपाशी दिवा पिवळा होतो
आणि मी थांबते.
मागच्या सीटवर तिची ओली छत्री, एक एलची पाटी
(तिचं चुंबक सैल झालंय).
मी आरशात बघते. पुन्हा बघते.
मागून पावाची व्हॅन दिवे मारते, मग हॉर्न.
जिभेवर ते सगळं वाक्य तयार असतं.
"ये बाबा," एवढंच म्हणते, उरलेलं गिळते,
आणि समोर पाहते
तर दिवा केव्हाच हिरवा झालेला असतो.